पूर्व हिमालयातील पक्ष्यांची मोजदाद

अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम कामेंग जिल्ह्यात 'ईगलनेस्ट' नावाचे एक अभयारण्य आहे. ईगलनेस्ट म्हणजे गरुडाचे घरटे. देशोदेशीच्या पक्षिनिरीक्षकांत या स्थळाला आज जी कीर्ती लाभली आहे ती पाहता हे नाव एखाद्या निसर्गप्रेमी वनाधिकाऱ्याने विचारपूर्वक योजले असावे, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः या नावाशी पक्ष्यांचा काहीही संबंध नाही. १९५० नंतरच्या दशकात भारतीय सेनेची चौथी डिव्हिजन या डोंगरात होती आणि तिचे बोधचिन्ह होते लाल गरुड. त्यावरून एका खिंडीला नाव पडले आणि १९८९ मध्ये अभयारण्य घोषित झाले तेव्हा खिंडीचे नाव अभयारण्याला मिळाले. टेंगा नदीच्या खोऱ्यातून या खिंडीवर चढणारा आणि पलीकडे आसामच्या सपाटीच्या दिशेने उतरणारा कच्चा रस्ताही सेनेनेच काढलेला. पुढे भालुकपाँगवरून जाणारा मार्ग मुख्य झाला आणि हा रस्ता मागे पडला. मागे पडलेल्या या रस्त्याचे पक्षिशास्त्रावर मोठे उपकार आहेत.

कारण हा रस्ता हिमालयाचा एक उभा छेदच घेतो. अभयारण्याचे क्षेत्र २१७ चौरस किलोमीटर, म्हणजे फार मोठे नव्हे. परंतु त्याची सर्वांत खालची बाजू समुद्रसपाटीपासून ५०० मीटरवर आणि सर्वांत वरची ३२५० मीटरवर आहे. बंगालच्या उपसागरावरून येणारा पावसाळी वारा उत्तरेकडे सरकताना येथल्या डोंगररांगांना प्रथम अडतो. दक्षिण उतारावर वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. उत्तर उतारावर त्याच्या निम्मा. खाली उष्ण प्रदेशातले सदाहरित रान, मध्ये शेवाळाने लगडलेले ओक, वर ऱ्होडोडेंड्रॉन, बांबू आणि सूचिपर्णी वृक्ष. एवढ्या लहानशा मुलखात साडेचारशेहून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. सह्याद्री, सातपुडा, दख्खनचे पठार आणि सातशे किलोमीटरांचा किनारा मिळून सबंध महाराष्ट्रात साडेपाचशेच्या आसपास जाती आढळतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते.

मात्र असा आकडा आयता मिळत नाही. पूर्व हिमालयात पक्षी मोजण्याचा उद्योग दोनशे वर्षे चालू आहे, आणि कोणी, कशासाठी व कोणत्या साधनाने मोजले यानुसार त्या मोजण्याचा अर्थ बदलत गेला आहे.

प्रारंभी ब्रायन हॉजसन यांचे नाव घ्यावे लागते. १८२० पासून १८४३ पर्यंतचा त्यांचा बहुतेक काळ काठमांडूत ब्रिटिश रेसिडेन्सीत गेला. नेपाळ दरबार परकीयांना खोऱ्याबाहेर सहसा जाऊ देत नसे. त्यामुळे ज्या पर्वतांतील पक्ष्यांविषयी हॉजसन यांनी पुढे लिहिले ते पर्वत त्यांना बहुधा दुरूनच पाहावे लागले. रानात जात ते त्यांचे फासेपारधी आणि शिकारी. मिळालेल्या पक्ष्यांची चित्रे काढीत ते नेपाळी चित्रकार, त्यांपैकी राजमानसिंग यांचे नाव सुदैवाने टिकून राहिले आहे. शंभराहून अधिक नव्या जाती शास्त्राला दिल्याचे श्रेय हॉजसन यांच्या नावावर जमा आहे. ते न्याय्यही आहे. पण ज्यांनी दऱ्याखोऱ्यांत हिंडून ते पक्षी आणले त्यांची नावे संग्रहालयाच्या चिठ्ठ्यांवर आली नाहीत.

दुसरा मोठा माणूस म्हणजे हेन्री गॉडविन-ऑस्टिन. ते पक्षिशास्त्रज्ञ नव्हते, भूमापक होते. काराकोरमच्या हिमनद्यांचे नकाशे करणारा हा अधिकारी नंतर गारो, खासी, जैंतिया आणि नागा टेकड्यांत आला. १८७४-७५ साली डफला मोहिमेबरोबर तो आजच्या अरुणाचलाच्या पायथ्याच्या डोंगरांत शिरला, तेव्हा एका हातात कोनमापक आणि दुसऱ्या हातात बंदूक अशीच त्याची अवस्था होती. भूमीचे सर्वेक्षण आणि पक्ष्यांचे सर्वेक्षण ही त्या काळी एकाच छावणीतून निघणारी कामे होती. प्रदेश ताब्यात आणायचा तर तो आधी कागदावर आणावा लागतो. पक्ष्यांच्या यादीमागे ज्ञानाची ओढ होती यात शंका नाही. मात्र ती यादी सैन्याच्या मागोमाग पुढे सरकत होती हेही विसरता येत नाही. १८७३ साली आसामच्या सीमेवर 'इनर लाइन' आखली गेली आणि परवान्यावाचून पलीकडे जाणे बंद झाले. आसामात पोलीस अधिकारी असलेले स्टुअर्ट बेकर हे याच परंपरेतले. बिबट्याच्या हल्ल्यात डावा हात गमावूनही त्यांनी पक्ष्यांचा पाठपुरावा सोडला नाही आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेतील पक्ष्यांचे आठ खंड १९२२ ते १९३० या काळात सिद्ध केले.

या सर्वांचे साधन एकच होते: बंदूक. पक्षी मारावा, कातडे सोलून त्यात कापूस भरावा, पायाला चिठ्ठी बांधावी. चिठ्ठीवर स्थळ, तारीख, उंची आणि संग्राहकाचे नाव. आजच्या वाचकाला हे क्रूर वाटेल, आणि ते क्रूर होतेच. परंतु दुर्बिणी सामान्य होत्या आणि छायाचित्रण दुबळे होते, त्या काळात खात्रीचा दुसरा मार्ग नव्हता. कातडे शंभर वर्षांनीही पुन्हा तपासता येते. मात्र त्याची सगळी किंमत त्या चिठ्ठीत असते.

चिठ्ठी खोटी निघाली तर काय होते, याचे उदाहरण हिमालयात नव्हे तर महाराष्ट्रात आहे. रानपिंगळा या घुबडाचे वर्णन १८७३ मध्ये ह्यूम यांनी केले. १८८० नंतरच्या काही वर्षांत खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी तळोदे-शहादे भागात त्याचे नमुने मिळवले. १८८४ नंतर पक्षी दिसेनासा झाला. कर्नल मायनर्टझागेन यांनी मात्र १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे आपण तो मिळवल्याचे सांगितले होते आणि शोध घेणारे त्या चिठ्ठीच्या भरवशावर भलत्याच ठिकाणी जात राहिले. पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला तेव्हा तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरलेला डेव्हिडसनचाच पक्षी असल्याचे उघड झाले. मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांनी जुन्या, खऱ्या चिठ्ठ्या हाती धरल्या, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा पुन्हा दिसला. एका लबाड चिठ्ठीने केलेली दिशाभूल दूर व्हायला एवढी वर्षे लागली. ज्या पक्ष्याचा पत्ताच चुकीचा नोंदला गेला आहे त्याचे संरक्षण कोठे करणार?

सालिम अलींच्या येण्याने या उद्योगाची प्रकृती पालटली. बंदूक त्यांनी टाकली नाही, पण केवळ कातडी गोळा करण्यात त्यांना रस नव्हता. १९३१-३२ च्या हैदराबाद संस्थानातील पाहणीपासून पक्षी कोणत्या झाडावर असतो, काय खातो, केव्हा घरटे करतो, या गोष्टींना त्यांनी नमुन्याइतकेच महत्त्व दिले. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ते आधारस्तंभ होते, आणि संस्थानामागून संस्थान घेत त्यांनी देशाचा पक्षिनकाशा भरत आणला. १९४६-४७ च्या हिवाळ्यात अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ डिलन रिप्ले यांच्यासह ते मिश्मी टेकड्यांत गेले. देशाची सत्ता हस्तांतरित होण्याचे ते महिने होते आणि ही मंडळी ब्रह्मपुत्रेच्या ईशान्य कोपऱ्यात जळवा आणि थंडी सोसत पक्षी टिपत होती. ५ जानेवारी १९४७ रोजी द्रेयी येथे त्यांना एक इवलासा रेन-बॅबलर मिळाला. गळ्यावर तांबूस रंग, तोकडी शेपटी, झाडोऱ्याच्या तळाशी उंदरासारखा वावर. नमुना एकच. १९४८ मध्ये रिप्ले यांनी त्याला नवी जाती म्हणून नाव दिले.

त्यानंतर सत्तावन्न वर्षे तो पक्षी कोणालाही दिसला नाही. त्यामागचे कारण पक्ष्यात नव्हते. १९६२ च्या युद्धाने हा सारा मुलूख संरक्षणदृष्ट्या नाजूक ठरला. नेफाचा १९७२ मध्ये केंद्रशासित अरुणाचल आणि १९८७ मध्ये राज्य झाले, पण इनर लाइनचा परवाना कायम राहिला. रस्ते थोडे, विमानतळ त्याहून थोडे, पावसाळा आठ-आठ महिने रेंगाळणारा. सालिम अली आणि रिप्ले यांचे दहा खंडांचे पक्षिग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाले. अरुणाचलातील कित्येक पक्ष्यांसाठी त्यांनाही जुन्या नोंदींवरच विसंबावे लागले. हा पक्षी अखेर २००४ च्या नोव्हेंबरात बेन किंग आणि जूलियन डोनाह्यू यांना मायोदिया खिंडीच्या परिसरात सापडला. रानपिंगळा शोधणारे तेच हे बेन किंग. आता त्याचे गाणे ठाऊक झाले, आणि गाणे ठाऊक झाल्यावर इतरांनाही तो भेटू लागला. दुर्मीळ समजला गेलेला पक्षी पुष्कळदा केवळ अनोळखी असतो.

मधल्या काळात जगभर आणखी एक बदल घडला होता. पक्ष्यांच्या याद्यांना आता राखण कोठे करावी हे ठरवण्याच्या कामाला जुंपण्यात आले होते. ज्या पक्ष्यांचा विणीचा मुलूख ५०,००० चौरस किलोमीटरांहून कमी आहे असे पक्षी निवडायचे, त्यांचे मुलूख नकाशावर एकावर एक ठेवायचे आणि जेथे ते दाटीने एकत्र येतात तेथे प्रथम लक्ष द्यायचे, अशी ही पद्धत. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यात अशी २१८ क्षेत्रे दाखवली होती. पूर्व हिमालय हे त्यांपैकी एक. त्याच धर्तीवर झफर-उल इस्लाम आणि असद रहमानी यांनी २००४ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे भारतातील ४६६ महत्त्वाच्या पक्षिस्थळांचा ग्रंथ सिद्ध केला. विचार सरळ आहे: पैसा आणि माणसे मोजकी, तेव्हा ती सर्वांत आधी कोठे लावावीत? पण जेथे कोणी गेलेच नाही ती जागा अशा नकाशावर रिकामी दिसते, आणि रिकाम्या जागेवर धरण, रस्ता किंवा लाकडाचा ठेका मंजूर करताना कोणाचा हात अडत नाही. प्रत्यक्ष पाहणीची निकड येथे उभी राहते.

ईगलनेस्टची पाहणी या टप्प्यावरची आहे, आणि ती करणारा माणूस व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ होता. पुण्याच्या रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात संशोधन करणारे रमणा आत्रेय १९९५ च्या जानेवारीत पक्षी पाहण्यासाठी येथे आले असताना त्यांना एक अपरिचित जोडी दिसली. डोक्यावर काळी टोपी, डोळ्यापुढे पिवळा ठिपका, अंग राखी-हिरवट, पंखांवर पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या रंगांचे पट्टे, काळ्या शेपटीला लाल टोके. सातभाईच्या दूरच्या गणगोतातला, २२ सेंटिमीटर लांबीचा हा पक्षी कोणत्याही भारतीय पुस्तकात नव्हता. त्याच्याशी सर्वांत अधिक साम्य असलेला पक्षी हजार किलोमीटरांहून दूर, चीनच्या सिचुआन प्रांतात होता. आत्रेय यांनी टिपण ठेवले आणि गाजावाजा केला नाही. २००३ पासून त्यांनी ईगलनेस्टची जी पद्धतशीर पाहणी आरंभली, तीत पक्षी कोणता, याबरोबरच तो किती उंचीवर दिसला याला महत्त्व होते. फुलपाखरे, बेडूक आणि सरडेही त्या नोंदींतून सुटले नाहीत. या काळात, २००५ मध्ये, तो पक्षी पुन्हा दिसला, आणि २००६ च्या मे महिन्यात जाळ्यात आला.

आता खरा प्रश्न उभा राहिला. नवी जाती जाहीर करायची तर प्रमाणभूत नमुना हवा, आणि नमुना म्हणजे दीडशे वर्षांच्या रिवाजानुसार मेलेला पक्षी. तोवर आढळलेले एकूण पक्षी होते चौदा. त्यांत विणीच्या जोड्या तीन. एक पक्षी मारणे म्हणजे कदाचित एक जोडी मोडणे. आत्रेय यांनी पक्ष्याची मापे घेतली, छायाचित्रे काढली, आवाज नोंदला, जाळ्यात गळलेली पिसे जपून ठेवली आणि पक्षी सोडून दिला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेले वर्णन या सामग्रीवर उभे आहे.

हा निर्णय सर्वांना पटण्यासारखा नव्हता, आणि शंका घेणाऱ्यांची बाजू पोकळ नव्हती. १९९१ मध्ये सोमालियातील एका खाटीक पक्ष्याचे वर्णन असेच जिवंत पक्ष्यावरून, पिसे आणि रक्त यांच्या आधारे झाले होते. तो पक्षी नंतर सोडून दिला गेला. २००८ मध्ये निष्पन्न झाले की ती वेगळी जाती नसून एका परिचित जातीचेच निराळे रंगरूप आहे. तेव्हा नमुन्याचा आग्रह धरणाऱ्यांना केवळ कर्मठ म्हणून झटकता येत नाही. ईगलनेस्टच्या पक्ष्याबाबत मात्र काळाने आत्रेय यांच्या बाजूने कौल दिला आहे. त्याच्या वेगळेपणाबद्दल आज वाद नाही. रिप्ले यांच्या १९४८ च्या वर्णनानंतर भारतीय भूमीवर प्रत्यक्ष रानात नवा म्हणून ओळखला गेलेला हा पहिला पक्षी असे म्हणता येईल. मध्यंतरी, १९९८ मध्ये, निकोबारातील एका घुबडाला नवी जाती म्हणून मान्यता मिळाली होती खरी, पण ती मुंबईचे हुमायून अब्दुलअली यांनी पूर्वी जमवलेल्या नमुन्यांवरून.

नव्या पक्ष्याचे नाव ठेवले गेले 'लिओसिक्ला बुगुनोरम', म्हणजे बुगुनांचा लिओसिक्ला. नावांच्या इतिहासात ही गोष्ट लहान नाही. हिमालयातील पक्ष्यांच्या नावांत ह्यूम आहेत, हॉजसन आहेत, गॉडविन-ऑस्टिन आहेत. येथे प्रथमच एका लहानशा डोंगरी जमातीचे नाव समूह म्हणून आले. त्यात कृतज्ञता होती आणि धोरणही होते, कारण हा पक्षी मुख्यतः वावरत होता तो अभयारण्याच्या सीमेबाहेर, सिंगचुंग गावच्या बुगुनांच्या सामाईक रानात, दोन हजार मीटरांच्या आसपासच्या झुडपाळ उतारांवर. १९८९ मध्ये अभयारण्याची रेषा आखताना या पक्ष्याचे अस्तित्वच ठाऊक नव्हते. आता ती रेषा वाढवून गावाचे रान सरकारजमा करावे, असा सोपा उपाय कोणाही कागदी नियोजकाला सुचला असता.

तसे घडले नाही, हे या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण होय. अरुणाचलात वनांचा मोठा हिस्सा परंपरेने जमातींच्या ताब्यात आहे. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईशान्येकडील राज्यांतून लाकूड बाहेर नेण्यास बंदी केली, तेव्हा अनेक गावांचे रोख उत्पन्न एका आदेशासरशी थांबले होते. जंगल वाचले, पण ज्यांचे जंगल त्यांच्या हाती काय उरले, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. पाहणीच्या काळातच बुगुन आणि शेर्डुकपेन मंडळींनी लामा कॅम्प व बोंपू येथे पक्षिनिरीक्षकांसाठी तंबूंची व्यवस्था उभी केली. स्वयंपाकी, वाहनचालक आणि वाटाडे गावातले आणि उत्पन्नाचा वाटाही गावाचा. केवळ एक पक्षी पाहण्यासाठी परदेशातून माणसे येतात, ही गोष्ट आरंभी थट्टेची वाटली असेल तर नवल नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने 'सामुदायिक राखीव क्षेत्र' हा नवा प्रकार आणला होता. त्याचा आधार घेऊन २०१७ साली सिंगचुंगच्या बुगुनांनी आपले १७ चौरस किलोमीटर रान राखीव म्हणून घोषित करवून घेतले. जमीन त्यांचीच राहिली आणि गस्त घालू लागले ते गावातले तरुण. नव्या जातीचा शोध लागला म्हणून मिळालेल्या प्रसिद्धीपेक्षा हे सतरा चौरस किलोमीटर अधिक मोलाचे आहेत. तरीही हा पक्षी निर्धोक झालेला नाही. २०१३ पासून तो आंतरराष्ट्रीय यादीत 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात मोडतो, आणि ज्ञात पक्ष्यांची संख्या वीसच्या फारशी पुढे गेलेली नाही.

दरम्यान कानाने केलेल्या पाहणीने आणखी एक कोडे सोडवले. २००९ च्या उन्हाळ्यात स्वीडनचे पेर अल्स्ट्रोम आणि भारताचे शशांक दळवी पश्चिम अरुणाचलात हिंडत असताना त्यांच्या ध्यानात आले की एकाच जातीचा मानला गेलेला कस्तुर पक्षी दोन अगदी भिन्न सुरांत गातो. वृक्षरेषेच्या वरच्या खडकाळ भागातला कर्कश, खालच्या सूचिपर्णी रानातला मधुर. मग सात देशांतल्या पंधरा संग्रहालयांतील जुनी कातडी पुन्हा बाहेर निघाली, मापे घेतली गेली, जनुके ताडून पाहिली गेली. रानातला कस्तुर ही स्वतंत्र जाती ठरली आणि २०१६ मध्ये तिला सालिम अलींचे नाव देण्यात आले. गंमत अशी की या जातीचे नमुने खणांत आधीपासूनच पडून होते. बंदुकीने ती केव्हाच मिळवली होती, फक्त चिठ्ठीवरचे नाव दुसऱ्याचे होते.

ईगलनेस्टमध्ये आता नव्या जातींच्या शोधापेक्षा सावकाश चालणारे एक काम सुरू आहे. २०११ पासून उमेश श्रीनिवासन आणि त्यांचे सहकारी ठरावीक जागी जाळी लावून, पक्ष्यांच्या पायांत क्रमांकाची कडी घालून त्यांना सोडून देत आले आहेत. तोच पक्षी पुढल्या वर्षी पुन्हा जाळ्यात येतो का, त्याचे वजन घटले की टिकले, हे वर्षानुवर्षे लिहिले जाते. पूर्वी वृक्षतोड झालेले रान अधिक तापते आणि कोरडे पडते. तेथे झाडोऱ्याच्या तळाशी किडे टिपणाऱ्या लहान पक्ष्यांचे निभावणे कठीण होत असल्याचे आणि मूळ रानात ते अधिक तग धरत असल्याचे या नोंदींतून दिसून आले आहे. हवा तापू लागल्याने डोंगरातले अनेक पक्षी हळूहळू वरच्या बाजूला सरकत आहेत. २००३ ते २००६ च्या पाहणीत प्रत्येक पक्ष्यासमोर उंची लिहून ठेवली होती तिचा उपयोग आता होतो आहे, कारण कोण किती सरकला हे ताडून पाहायला जुना आकडा हाती आहे. अभयारण्याची वरची सीमा ३२५० मीटरवर संपते.